ऑक्टोबरात जे हिरवे होत नाही: गोव्यातील झाकलेली जमीन आणि इमारतींतला माल मोजण्याच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

काम दोन भागांचे आहे. पहिला भाग: डांबर, काँक्रीट, पेव्हर, लादी, कौल किंवा पत्रा यांखाली कायमची झाकली गेलेली जमीन कुठे आणि किती. दुसरा: जी बांधकामे उभी आहेत त्यांत चिरा (जांभा खडकाचा कापलेला दगड), काँक्रीट, लोखंड आणि कौल मिळून किती टन माल अडकला आहे. सुरुवात बार्देश, तिसवाडी, सासष्टी या तीन तालुक्यांपासून. मुरगाव आणि पेडणे त्यानंतर. डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा मुद्दाम परीक्षेसाठी घेतले आहेत, कारण खाणींचे ढिगारे तिथे आहेत आणि पद्धत फसली तर तिथेच फसेल.

हे का मोजायचे? सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठारावर, पडलेले पाणी जांभ्याच्या भोकांतून मुरते आणि पायथ्याच्या झरी-विहिरींना मिळते. सडा झाकला की पाणी वरूनच वाहून जाते. कुठला सडा किती झाकला गेला, हे पंचायतीत आकड्यांनिशी दाखवता आले पाहिजे. मालाचा हिशेबही तितकाच गरजेचा: मोडलेल्या जुन्या घराचा चिरा दुसऱ्या भिंतीत जातो, पण स्लॅबचा राडारोडा खाजनात (खाडीकाठच्या बांधलेल्या सखल शेतात) नाहीतर मळ्यात येऊन पडतो.

साधने: सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे, सेंटिनेल-१ चे रडार, उपग्रहचित्रांवर ऑनलाइन काम करण्याचे गूगल अर्थ इंजिन (अव्यावसायिक कामाला पैसे लागत नाहीत, पण क्लाउड प्रोजेक्ट नोंदवावा लागतो) आणि क्यूजीआयएस (नकाशे करण्याचा मोफत प्रोग्राम). खर्च झाला तो लेझर अंतरमापकावर, तीन हजारांच्या आसपास, आणि पेट्रोलवर.

सगळे थर पहिल्या दिवसापासून यूटीएम ४३ उत्तर या नकाशा-प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी क्रमांक ३२६४३ मध्ये ठेवा. वेब मर्केटरमध्ये (ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात) सपाट क्षेत्रफळ काढले तर गोव्याच्या अक्षांशावर ते साडेसात टक्क्यांनी जास्त येते. नकाशा ठीकच दिसतो, म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

१९ ऑक्टोबर

पहिला प्रयोग, फसलेला. मार्च महिन्यातली ढगविरहित चित्रे घेतली, त्यांचा मध्यक काढला आणि त्यावर नेहमीचा बांधकाम निर्देशांक चालवला, म्हणजे लघुतरंग अवरक्त (बँड ११) वजा निकट अवरक्त (बँड ८), भागिले दोघांची बेरीज (बँड म्हणजे उपग्रह टिपतो तो प्रकाशाचा एकेक पट्टा). परदेशातल्या बहुतेक धड्यांत हीच पहिली पायरी असते.

मार्चमधल्या गोव्यात ती चालत नाही. वेर्ण्याचा सडा, मोपाचे पठार, आगरवाड्याची मिठागरे, कळंगुटची रेती आणि डिचोलीतले खाणीचे ढिगारे हे सगळे ‘बांधकाम’ म्हणून उजळले. उलट साळगाव आणि लोटली इथली घरे माडांखाली गेली आणि नकाशातून जवळजवळ नाहीशी झाली. उंबरठा (ज्याच्या वर ‘बांधकाम’ म्हणायचे ते मूल्य) वर नेला तर पणजीतले जुने काळवंडलेले स्लॅब सुटतात, खाली आणला तर सडा आत येतो. मधली जागा नाही. उन्हाळ्यातला उघडा जांभा आणि जुने काँक्रीट या दोन बँडांत एकमेकांच्या फार जवळ बसतात, त्यामुळे उंबरठ्याशी कितीही खेळले तरी हा प्रश्न सुटत नाही.

तांबडा भागिले निळा (बँड ४ भागिले बँड २) हे गुणोत्तर लावून पाहिले. जांभ्यात लोह असल्याने तो वेगळा पडतो खरा, पण त्याच्याबरोबर कौलारू घरेही जातात. मंगळुरी कौल भाजलेल्या मातीचे, त्यातही लोहच.

२७ ऑक्टोबर

उत्तर ऋतूत सापडले. मार्चमध्ये सडा आणि स्लॅब सारखे दिसतात, पण पावसानंतर सड्यावर गवत असते आणि स्लॅबवर नसते. म्हणून ‘उन्हाळ्यात काय चमकते’ हे न विचारता ‘पावसानंतर काय हिरवे होत नाही’ हे विचारायचे. गोव्यापुरता या कामाचा गाभा एवढाच आहे.

सड्यावर एनडीव्हीआय (चित्रावरून काढलेला हिरवळीचा निर्देशांक) मार्चमध्ये ०.१ ते ०.१५ असतो, ऑक्टोबरात ०.४ च्या वर जातो. काँक्रीट आणि डांबर वर्षभर ०.२ च्या खालीच राहते. दोन ऋतूंतला फरक आणि पावसानंतरचे मूल्य, हे दोन्ही थर वर्गीकरणात घातले आणि वेर्ण्याचा मोकळा सडा बाजूला झाला. औद्योगिक वसाहत राहिली.

अडचण खिडकीची आहे. जून ते सप्टेंबर बहुतेक ढगच. मॉन्सून ऑक्टोबरच्या मध्याला निघतो, आणि पातळ मातीच्या सड्यावरचे गवत नोव्हेंबर सरता सरता वाळते. हाताशी साधारण सहा आठवडे. पाच दिवसांनी एक फेरी धरली तरी एका वर्षात चार-पाच स्वच्छ चित्रे मिळाली तर खूप. त्यामुळे:

सप्टेंबर ते नोव्हेंबर अशी खिडकी धरा. चवथीच्या आसपास एखादा उघडा दिवस मिळतो, तोही सोडू नका. मध्यक घेऊ नका, कारण नोव्हेंबरअखेरची वाळकी चित्रे तो खाली ओढतात. नव्वदावा शतमान घ्या, म्हणजे ज्याच्या खाली नव्वद टक्के नोंदी येतात ते मूल्य. थेट कमाल घेतली तर चित्र अर्ध्या पिक्सेलने सरकले की शेजारच्या आंब्याची हिरवळ छपरावर येते. स्वच्छ चित्रे तीनच असतील तर नव्वदावा शतमान आणि कमाल यांत फारसा फरक उरत नाही, म्हणून आधी प्रत्येक पिक्सेलला किती स्वच्छ नोंदी मिळाल्या त्याचा वेगळा थर काढा आणि जिथे त्या चारपेक्षा कमी आहेत तिथे मागचे वर्षही जोडा.

ढग झाकायला नुसत्या एससीएल थरावर (चित्राबरोबर येणाऱ्या तयार वर्गीकरणावर) विसंबू नका. पांढरा पत्रा आणि किनाऱ्याची रेती त्यात कधी कधी ढग म्हणून वगळली जाते, म्हणजे आपल्याला हवे तेच जाते. क्लाउड स्कोअर प्लस या गूगलच्या ढग ओळखणाऱ्या थराचा उंबरठा ०.६ ठेवल्यावर पत्रे परत आले.

३ नोव्हेंबर

या पद्धतीतूनही निसटणारे चार प्रकार.

खाणी: चालू खड्डा आणि ताजा ढिगारा ऑक्टोबरातही तांबडाच असतो. जुन्या ढिगाऱ्यांवर अकेशिया लावलेला आहे, ते आपोआप सुटतात. उरलेले हाताने रेघ मारून वगळले. इथे आपोआप काही करण्याच्या नादात वेळ घालवू नये.

चिरेखाणी: हे प्रकरण जास्त फसवे. काटकोनात कापलेल्या पायऱ्या, सरळ कडा आणि सावल्या, त्यामुळे इमारती ओळखणाऱ्या तयार थरांतसुद्धा त्यांच्यावर घरांचे चौकोन पडलेले सापडले. पावसाळ्यात त्यात पाणी साठते, हीच ओळख.

मिठागरे आणि खाजन: जुलै-ऑगस्टमध्ये ढग असले तरी रडार पाहते. पाणी साचलेल्या जागेवरून व्हीव्ही (उभी लहर पाठवून उभीच टिपलेला) प्रतिध्वनी फार कमी येतो. पावसाळ्यात दोन-तीनदा तरी पाण्याखाली असलेला पिक्सेल झाकलेल्या जमिनीत धरायचा नाही, हा नियम लावला आणि मिठागरे गेली.

समुद्रकिनारा: भरतीरेषेपासून आतला पट्टा वेगळा ठेवला. हंगामी शॅक पावसाळ्याआधी निघतात, त्यांना कायमचे आच्छादन म्हणता येत नाही.

९ नोव्हेंबर

वर्षांची तुलना करताना २०२२ मध्ये सगळ्या गोव्याची हिरवळ एकदम उतरलेली दिसली, अगदी म्हादई अभयारण्यातसुद्धा. कारण प्रक्रियेतले. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या मूल्यांत १००० मिळवलेले असतात. जंगलाचा तांबडा ३०० आणि निकट अवरक्त ३००० असेल तर एनडीव्हीआय ०.८२ येतो. तेच १३०० आणि ४००० घेतले तर ०.५१. अर्थ इंजिनमधला ‘हार्मोनाइज्ड’ संच वापरला की हे आपोआप वजा होते. हाताने उतरवलेल्या चित्रांत आपणच वजा करायचे. दोन्ही मिसळून वापरू नका.

१७ नोव्हेंबर

पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे १०० चौ.मी. गावातले घर साधारण तेवढेच आणि ते कधीच एका पिक्सेलमध्ये नीट बसत नाही. ‘झाकलेले की मोकळे’ असे दोनच कप्पे करून भागत नाही, प्रत्येक पिक्सेलचा किती भाग झाकलेला ते काढावे लागते.

नमुने असे तयार केले: क्यूजीआयएसमध्ये सेंटिनेलच्याच जाळीचा चौकोन, त्यात ५ गुणिले ५ ठिपके, मागे स्पष्ट हवाई चित्र. झाकलेल्या जागेवरचे ठिपके मोजायचे, एक ठिपका ४ टक्के. जाळी सेंटिनेलच्या पिक्सेलशी तंतोतंत जुळलेली हवी. हवाई चित्र काही ठिकाणी चार-पाच मीटर सरकलेले असते, ते आधी रस्त्यांच्या चौकांवरून जुळवून घ्या.

मग रँडम फॉरेस्ट (नमुन्यांवरून शिकणारी संगणकी पद्धत), २०० निर्णय-झाडे, प्रतिगमन पद्धतीने, म्हणजे वर्ग न देता टक्केवारी काढणारी. थर: फेब्रुवारी-मार्चचा मध्यक, पावसानंतरचा नव्वदावा शतमान, दोन्हींतला फरक, तांबडा-निळा गुणोत्तर, बँड ११ व १२, आणि रडारचे वर्षभराचे सरासरी व्हीव्ही.

२४ नोव्हेंबर

निकाल डोळ्यांना सुरेख दिसला, बेरीज मात्र अवाच्या सवा आली. ही पद्धत टोके आत ओढते: शून्याला २-३ टक्के म्हणते आणि शंभराला ८५. पणजीत ८५ दिसले तर फारसे बिघडत नाही. जंगलात २ दिसले तर मात्र बिघडते. राज्याच्या साधारण ६० टक्के जागेवर वनाच्छादन आहे, म्हणजे ढोबळ २,२०० चौ.किमी. त्याचे २ टक्के म्हणजे ४४ चौ.किमी. काँक्रीट, जे कुठेच नाही. पणजी शहराच्या पाचपट.

उपाय दोन. नमुन्यांत शुद्ध शून्याचे चौकोन भरपूर घातले: जंगल, कुळागर (सुपारीची बाग), भातशेती, सडा, काजूचे भाट. आणि मार्चमध्येही ज्या पिक्सेलचा एनडीव्हीआय ०.६ च्या खाली उतरत नाही आणि ज्याच्या २० मीटरच्या आत ना इमारतीचा तयार चौकोन ना रस्ता, तिथे थेट शून्य. तयार चौकोन गूगल ओपन बिल्डिंग्जचे तिसऱ्या आवृत्तीतले, विश्वास ०.७ च्या वरचे.

एकूण बेरीज छापण्याआधी फक्त जंगलाची बेरीज वेगळी काढून पाहा. ती शून्याच्या जवळ नसेल तर बाकीचे आकडे कुणाला दाखवू नका.

८ डिसेंबर

मोपाची परीक्षा. विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला, उड्डाणे ५ जानेवारी २०२३ पासून. नकाशात मात्र पठाराचा मोठा भाग त्याच्या कितीतरी आधी ‘झाकलेला’ दाखवत होता. सपाटीकरण झाले की माती उघडी पडते आणि ऑक्टोबरातही तिथे गवत येत नाही. डोंगर कापून केलेल्या भूखंडांचेही तेच. नियम बदलला: सलग दोन ऑक्टोबर हिरवे नसतील आणि दुसऱ्या वर्षी तांबडा-निळा गुणोत्तर उतरलेले असेल, तरच झाकलेले. नुसते कापलेले असेल तर तिसरा रंग, ‘उघडलेली जमीन’. तो ठेवाच, कारण अजून काही वाचवता येण्यासारखे आहे ते त्याच रंगात आहे.

२१ डिसेंबर

आता माल. छप्पर वरून दिसते, पण वजन भिंतीत असते. म्हणून प्रत्यक्ष मोजणी.

बाजारातला चिरा साधारण ३५ गुणिले २२ गुणिले १७ सेंमी. लटकत्या काट्यावर २६ ते २९ किलो. भिजलेला घेतला तर १० टक्क्यांपर्यंत जास्त, म्हणून पावसाळ्यात तोलू नका. घनमीटरला २.१ टन धरले.

एक साधे कौलारू घर, भिंतीबाहेरून १० गुणिले १० मीटर. आतल्या-बाहेरच्या भिंती मिळून ६० मीटर लांब, ३ मीटर उंच. दारे-खिडक्यांचे १५ टक्के वजा केले की १५३ चौ.मी., जाडी २३ सेंमी, म्हणजे ३५ घनमीटर आणि ७४ टन. जोते ६० सेंमी उंच, ३५ सेंमी जाड: २६ टन. जमिनीचे १० सेंमी काँक्रीट: २४ टन. कौले रिपांसकट चौ.मी.ला ६५ किलो, उतार ३० अंशांचा: १० टन. पायाव्यतिरिक्त एकूण १३४ टन, म्हणजे चौ.मी.ला १.३४. भिंत ४५ सेंमीची, जुन्या पद्धतीची असेल तर हाच आकडा २ टनांवर जातो.

आणि इथे एक मोठी गळती आहे. उपग्रहाला भिंत दिसत नाही, पागोळी दिसतात. गोव्यात पावसामुळे छप्पर भिंतीबाहेर पाऊण मीटर तरी काढतात. १० गुणिले १० चे घर वरून ११.५ गुणिले ११.५, म्हणजे १०० ऐवजी १३२ चौ.मी. त्याला १.३४ ने गुणले तर एका घरामागे ४३ टन चिरा हवेतून येतो. कौलारू घरांचे चौकोन पाऊण मीटर आत घेतल्याशिवाय गुणाकार करू नका. माडाखालच्या घरांना उलट अडचण, चौकोनच अर्धा असतो. तो हाताने पुरा करावा लागतो.

४ जानेवारी २०२५

छपराचे तीन वर्ग केले: कौल, पत्रा, स्लॅब. वर्ग चांगले पडले, पण त्यावरून बांधकामाचा प्रकार ठरवणे धोक्याचे निघाले.

कौल म्हणजे चिऱ्याचे जुने घर असे नाही. नव्या बंगल्यांवर आणि इमारतींवर उतरत्या स्लॅबवर किंवा लोखंडी सांगाड्यावर कौले बसवतात. पत्रा म्हणजे शेड असेही नाही. गच्ची गळते म्हणून स्लॅबवर पत्रे घालणे घरोघरी चालते. वरून तो हलका पत्रा, खाली तीन मजली आरसीसी.

सोडवले असे. गूगलच्या २.५डी टेम्पोरल (इमारतींची वर्षवार नोंद असलेल्या) संचात २०१६ ते २०२३ ची वार्षिक चित्रे आहेत. त्यांत २०१६ नंतर उगवलेले कौल आरसीसीत टाकले. पत्रा १,००० चौ.मी.च्या वर आणि वेर्णा, कुंडई, कुंकळ्ळी अशा वसाहतींच्या हद्दीत असेल तर शेड. वस्तीत ४०० च्या आत असेल तर आरसीसी. मधले प्रत्यक्ष जाऊन पाहिले. जुने कौल की २०१६ च्या आधीचा नवा बंगला, हे वरून कळत नाही, त्यासाठी वाड्यावाड्याने फिरावेच लागते. जुन्या कौलांवर शेवाळ असते आणि ऑक्टोबरात त्यांचा एनडीव्हीआय जरा चढतो, एवढी एक खूण मिळते. पुराव्याला ती पुरेशी नाही, पण कुठे आधी जायचे ते ठरवायला उपयोगी पडते.

आरसीसीचे धरलेले आकडे, मजल्याच्या दर चौ.मी.ला: काँक्रीट ०.३२ घनमीटर (सुमारे ०.७७ टन), भरणाच्या भिंती ०.४५ टन, गिलावा व लादी ०.१५ टन, लोखंड ४३ किलो. लोखंडाचा आकडा ठेकेदारांच्या ‘चौरस फुटाला चार किलो’ या हिशेबातला आहे. शेडमध्ये वरचे सगळे लोखंड ३०-४० किलो, खालची १५ सेंमीची काँक्रीट जमीन ३६० किलो. शेड हलकी वाटते, पण तिचे वजन पायाखाली आहे.

१९ जानेवारी

उंची. टेम्पोरल संचात उंचीचा थर आहे. तीन मीटरला एक मजला धरून भागाकार केला तर बैठी कौलारू घरे दुमजली होतात: जोते ०.६, भिंत ३, छपराची सरासरी चढण दीड, मिळून पाच मीटरच्या वर. कौलांसाठी २.१ मीटर वजा करून मग भागा.

माडाखालच्या वस्तीत उंची मानायचीच नाही. काही घरे पाच मजली दिसत होती, ती उंची माडांची होती. चौकोनात एनडीव्हीआय ०.६ च्या वर असेल तर त्या वाड्यात पायी मोजलेली सरासरी मजलेसंख्या लावली.

पडताळणीला सावली चांगली. डिसेंबरात सेंटिनेल-२ गोव्यावरून जाते तेव्हा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, म्हणजे सावली जवळजवळ उंचीइतकीच. १० मीटरच्या इमारतीची सावली एक पिक्सेल. त्यामुळे सहा-सात मजल्यांच्या वरच तिचा भरवसा. मडगाव आणि वास्कोतल्या उंच इमारतींवर हे तपासता आले, गावात नाही.

२ फेब्रुवारी

सुटलेल्या दोन गोष्टी आसगाव-शिवोलीच्या बाजूला दिसल्या. जलतरण तलाव: ४० चौ.मी. पाणी, पिक्सेलच्या निम्म्याहून कमी, त्याने झाकलेल्या जागेचा आकडा खाली येतो. आणि आंगण. शेणाने सारवलेल्या अंगणांवर आता पेव्हर आहेत, भोवती झाडे आहेत आणि वरून ते पुरते दिसत नाही. बंगल्यांच्या भूखंडांत झाकलेली जमीन आमच्या नकाशापेक्षा जास्तच आहे, कमी नाही. हे नकाशावरच लिहिले आहे.

रस्ते वेगळ्या थरातून घेतले, ओपन स्ट्रीट मॅपवरून. रुंदी जागोजागी लेझरने मोजली. झाडाखालचा रस्ता उपग्रहाला सापडत नाही.

१६ फेब्रुवारी

दाखवण्याची तऱ्हा. एकेका घराला टनांचा आकडा चिकटवू नका. एका घराचा आकडा सहज तिसऱ्या हिश्शाने चुकलेला असतो, आणि लोक आपले घर शोधून तोच वाचतात. १०० मीटरचे चौकोन, हेक्टरी टन, प्रत्येकाला खालची आणि वरची मर्यादा. वर्ग सारख्या अंतराचे ठेवले तर पणजी, वास्को, मडगाव सोडून सगळा गोवा एकाच फिकट रंगात जातो. म्हणून दुपटीचे वर्ग: २५०, ५००, १,०००, २,०००, ४,०००.

उभे खांब काढून त्रिमितीय चित्रही केले. दिसायला छान, पण पुढचे खांब मागचे झाकतात आणि आकडा वाचता येत नाही. ते वगळले.

झाकलेल्या जमिनीचा नकाशा पंचायतीच्या हद्दीने आणि सड्याच्या हद्दीने, असा दोनदा काढला. पंचायतीचा आकडा सभेला लागतो. पण पाणी सड्याच्या हद्दीने मुरते, आणि दोन पंचायतींत वाटला गेलेला सडा पहिल्या नकाशात दोन्हीकडे ‘थोडाच झाकलेला’ दिसतो. दुसऱ्या नकाशात त्याचे खरे प्रमाण कळते. त्यावर प्रादेशिक आराखडा २०२१ मधल्या वस्तीक्षेत्राची रेघ टाकली आहे.

१ मार्च

पीडीएफ करताना देवनागरी जोडाक्षरे फुटली, ‘म्हापसा’ वाचवेना. निर्यातीत मजकूर बाह्यरेषा म्हणून ठेवला आणि फाँट नोटो सान्स देवनागरी घेतला की ठीक येते. फाइल मोठी होते आणि मजकूर शोधता येत नाही, म्हणून पंचायतींचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये दिला.

बाकी राहिलेले: पेडण्यातल्या मधल्या आकाराच्या पत्र्यांची पाहणी आणि काणकोण पूर्ण. त्याला या पावसानंतरची चित्रे लागतील, म्हणून खिडकीचा कोड सप्टेंबर-नोव्हेंबर २०२५ साठी आत्ताच बदलून ठेवला आहे.